खाड्याचा हिशेब

सदाशिव पेठेतल्या ज्या मेसमध्ये मी अधूनमधून जेवतो, तिथे पूर्वी दोन दिवसांचा खाडा धरत. आदल्या दिवशी सांगून मेंबर सलग दोन दिवस आला नाही, तर तेवढे दिवस त्याच्या पुढच्या महिन्यात जमा होत. 2022 च्या उन्हाळ्यात दोनाचे तीन झाले. पुढे तीनाचे चार. आता दाराशी जी पाटी आहे तिच्यावर लिहिलंय, ‘खाडा सलग 5 दिवसांचाच धरला जाईल.’ याच काळात रोजचा पापड गेला, ताक उन्हाळ्यापुरतं उरलं, रविवारी संध्याकाळी आधीच बंद असणारी मेस सणाच्या संध्याकाळीही बंद राहू लागली आणि फीस्टच्या ताटातले दोन गुलाबजाम एकावर आले.

पाटी वाचून मेंबर काही बोलले नाहीत. महिन्याचा दर शंभराने वाढला असता तर बोलले असते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात किंमत म्हणजे एक आकडा असतो. मेसमध्ये ती नियमांची पुरचुंडी असते. पोळ्या किती, भात दुसऱ्यांदा मिळेल का, भाजी परत वाढतात की फक्त आमटी, खाडा किती दिवसांचा, या सगळ्याची मिळून एक किंमत होते आणि दर वाढण्याच्या कितीतरी आधी ती वाढलेली असते. महागाईचा सरकारी निर्देशांक काढणाऱ्यांनी खाड्याचा नियम कधी मोजला असेल असं वाटत नाही. मेंबर मात्र तो बोटांवर मोजतो.

मेस चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. मीही म्हणतो, जरी वयाने त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. दर का वाढवत नाही असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘‘अहो दादा, वाढवायला काय, खडूने आकडा पुसायचा आणि दुसरा लिहायचा. पण दुसऱ्या दिवशी त्याच पोराला मलाच वाढायचंय ना.’’ मोठ्या कंपनीच्या बिस्किटाच्या पुड्यातली दोन बिस्किटं कमी करणाऱ्याला गिऱ्हाईकाचं तोंड बघावं लागत नाही. काकूंना दिवसातून दोन वेळा पन्नास तोंडं बघावी लागतात.

आणि ती तोंडं कुणाची? लातूर, बीड, वाशिम, धाराशिव, निफाड. स्पर्धा परीक्षेला आलेली मुलं-मुली. कॉट बेसिसवर राहणं, अभ्यासिकेची फी, मेस आणि झेरॉक्स, असा चार रकान्यांचा त्यांचा संसार. त्यातला कॉटचा आणि अभ्यासिकेचा रकाना हलत नाही; हलवता येतो तो जेवणाचा. म्हणून मेस महागली की हा मेंबर दुसरी मेस शोधायला जातो हे पुस्तकी उत्तर झालं. प्रत्यक्षात तो दोन वेळची मेस एक वेळची करतो आणि रात्री वडापाव किंवा पोहे खाऊन पुस्तक उघडतो. छोट्या धंद्याचं गिऱ्हाईक बहुधा धंदेवाल्याइतकंच तंगीत असतं, आणि त्यामुळेच किंमत वाढवली की धंदा वाढत नाही. आपल्याकडे कराच्या चर्चेत व्यापारी एका बाजूला आणि ग्राहक दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करायची सवय आहे. काकूंच्या मेसमध्ये दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेले दिसतात. एक उठला की दुसरा पडतो.

आता खर्चाकडे येऊ. काकूंच्या बोलण्यात महागाईचं दुसरं नाव टाकी आहे. व्यावसायिक वापराची गॅसची टाकी 19 किलोची. तिच्यावर जीएसटी 18 टक्के. घरच्या 14.2 किलोच्या टाकीवर 5 टक्के. 2022 च्या मे महिन्यात दिल्लीत ही 19 किलोची टाकी 2,355 रुपयांवर गेली होती. मग उतरली, चढली, पुन्हा उतरली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवा भाव निघतो आणि काकू तो परीक्षेचा निकाल बघावा तसा बघतात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत ती 1,531 रुपयांच्या आसपास होती आणि घरगुती टाकी 852 रुपये 50 पैसे. किलोला भागून पाहा : धंद्याच्या गॅसला 80 रुपये, घरच्या गॅसला 60. वरण मात्र दोन्हींवर सारखंच शिजतं.

हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे आणि त्यामागचं कारण वाईट नाही. घरातली चूल स्वस्त ठेवायची, धंद्याने बाजारभाव द्यायचा. पण पुण्यात कॉटवर राहणाऱ्या पोराची चूल कुठे आहे? त्याच्या खोलीत शेगडी ठेवायला मालकाची परवानगी नाही. काकूंची शेगडी हीच त्याची चूल. म्हणजे ज्याला स्वस्त गॅसची खरी गरज, तोच महागड्या टाकीवर जेवतो. पन्नास मेंबरांना दोन वेळा वाढायचं तर महिन्याला दहा टाक्या लागतात. त्या सप्टेंबरच्या भावाने हिशेब केला तर दहा टाक्यांच्या किमतीत तेवीसशेहून जास्त रुपये नुसता कर आहे. काकूंची मेस कराच्या नोंदणीत नाही, म्हणून तिला ‘करमुक्त’ म्हणायची पद्धत आहे. पण त्या टाकीवर कर भरतात, तेलावर भरतात, चहाच्या पुड्यावर, भांडी घासायच्या पावडरीवर, बिघडलेल्या मिक्सरच्या दुरुस्तीवर भरतात. भरलेला कर परत मिळवायची सोय मात्र त्यांना नाही. करमुक्त म्हणजे इथे फक्त पावती नसलेला करदाता.

आणि नोंदणी असती तरी फार फरक पडला नसता. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा साध्या हॉटेलाला 12 टक्के आणि वातानुकूलित हॉटेलाला 18 टक्के दर होता. ओरड झाली, आणि 15 नोव्हेंबर 2017 पासून तो 5 टक्के केला गेला. बातम्यांमध्ये फटाके फुटले. त्याच निर्णयाची दुसरी ओळ कमी लोकांनी वाचली : कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट बंद. टाकीवरचे 18 टक्के, भाड्यावरचे 18 टक्के, सगळं खर्चात जमा. काही मोठ्या साखळ्यांनी पदार्थांचे मूळ दर वाढवून टाकले, नफेखोरीविरोधी प्राधिकरणापुढे प्रकरणंही गेली. गिऱ्हाईकाच्या बिलावर 18 चा 5 झाला आणि खालची बेरीज जवळपास तीच राहिली. दिसणारा कर कमी करायचा असेल तर तो न दिसणाऱ्या जागी सरकवायचा, ही कला आपल्या व्यवस्थेला चांगली जमते. काकूंनी पापड काढून घेतला तेव्हा त्यांनी याहून वेगळं काही केलं नव्हतं. फक्त त्यांना त्याबद्दल बातमीत जागा मिळाली नाही.

तेलाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

13 सप्टेंबर 2024 ला केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या आयातीवरचं शुल्क वाढवायचा निर्णय जाहीर केला. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण भार 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर गेला, रिफाइंड तेलावरचा 13.75 वरून 35.75 वर. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे परिणाम व्हायला वेळ लागला नाही. दसऱ्याच्या आत पंधरा किलोचा डबा तीनशे-साडेतीनशे रुपयांनी वर गेला. त्या आठवड्यात मेसच्या भाजीवरचा तवंग गेला. मुलांनी ‘डाएट मेस’ म्हणून चेष्टा केली.

शुल्क वाढवण्याचा हेतू सांगितला गेला तो असा : बाहेरचं तेल महाग झालं की इथल्या सोयाबीनला भाव मिळेल. महाराष्ट्राची निवडणूक तोंडावर होती आणि मराठवाडा-विदर्भातला सोयाबीन उत्पादक चिडलेला होता. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारभाव शुल्कवाढीनंतरही त्याच्या खालीच रेंगाळला, कारण सोयाबीनचा भाव नुसत्या तेलावर ठरत नाही, पेंडीवरही ठरतो आणि पेंडीला उठाव नव्हता. 30 मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचा भार पुन्हा 16.5 टक्क्यांवर आणला गेला.

मेसमध्ये लातूरकडचा एक मेंबर आहे. घरी सोयाबीन. त्याच्या वडिलांना भाव मिळावा म्हणून लावलेलं शुल्क त्याच्या भाजीतून वसूल झालं, आणि वडिलांना भाव मिळाला नाही तो नाहीच. शेजारच्या बाकावर निफाड तालुक्यातली एक मुलगी बसते. तिच्या घरी कांदा. तिची कथा नेमकी उलटी. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, लासलगावचे लिलाव बंद पडले, डिसेंबरमध्ये निर्यातच थांबवली गेली. मे 2024 मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिलं. ते पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडावा लागला. त्या काळात काकूंना कांदा परवडला. मुलीला मेसमध्ये कांदा मिळाला, आणि घरून येणारे पैसे दोनदा उशिरा आले.

एक कर पिकवणाऱ्यासाठी लावला, त्याचा भार खाणाऱ्यावर पडला. दुसरा कर खाणाऱ्यासाठी लावला, त्याचा भार पिकवणाऱ्यावर पडला. दिल्लीच्या फायलीत उत्पादक आणि ग्राहक हे दोन स्वतंत्र वर्ग असतील. सदाशिव पेठेतल्या ताटावर ते बाप आणि लेक आहेत. दोन्ही वेळा मधला हिशेब जुळवायला उभी होती ती मेसवाली बाई, जिच्यासाठी कुठलंच शुल्क लावलं जात नाही आणि काढलंही जात नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात शहरात भाजीपाला घेऊन येणाऱ्या कुणब्याला म्युनिसिपालिटीची जकात आणि दलाल मिळून कसे नागवतात याचं वर्णन आहे. एवढ्या वर्षांत नाके गेले, जकात गेली, पण वाटेत उभं राहून दोन्हीकडून घ्यायची रीत नव्या कागदांवर चालू आहे.

जकातीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक आठवण. 2013 च्या एप्रिल-मे महिन्यात स्थानिक संस्था कराविरुद्ध, म्हणजे एलबीटीविरुद्ध, पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दिवसेंदिवस दुकानं बंद ठेवली होती. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. जकात चालत होती ना? तिच्या जागी आलेला कर का चालत नाही? चोर आहेत सगळे, असं मीही चहाच्या टपरीवर बोललो होतो. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. पण एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. जकात नाक्यावर द्यायची, दिली की विषय संपला. एलबीटीसाठी वही ठेवायची, विवरण भरायचं, अधिकाऱ्याला दाखवायचं. मोठ्या व्यापाऱ्याकडे त्यासाठी माणूस होता. छोट्याने दुकान सोडून ते करायचं होतं. कर एकच, दर एकच, पण एकाला तो रुपयांत पडत होता आणि दुसऱ्याला दिवसांत. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला. म्हणजे शेवटी सरकारनेही मान्य केलं की लहानाकडून तो गोळा करण्यात राम नाही.

हाच धागा पुढे जीएसटीत येतो. रिटर्न उशिरा गेलं तर दिवसाला 50 रुपये, काहीच व्यवहार नसला तरी दिवसाला 20, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. शंभर कोटींच्या कंपनीला हे आकडे चिल्लर. माझ्या ओळखीच्या एका फरसाणवाल्याने एकदा आजारपणात तीन महिने रिटर्न भरलं नाही. विलंब शुल्क भरलं तेव्हा त्याचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला होता. चोरी त्याने केली नव्हती, ताप आला होता.

आता मूळ मुद्दा. काकूंकडे 2017 मध्ये पन्नास मेंबर होते. आजही पन्नासच आहेत, कारण जागा तेवढीच, काकू तेवढ्याच आणि तवे तेवढेच. तेव्हा दोन वेळचा दर महिना 2,200 होता, आता 3,200 आहे. पन्नास मेंबरांची वर्षाची उलाढाल तेव्हा 13 लाख 20 हजार होती, आता 19 लाख 20 हजार. सेवा देणाऱ्या धंद्याला जीएसटीची नोंदणी लागू होते 20 लाखांनंतर. मालाच्या व्यापाऱ्याची मर्यादा 1 एप्रिल 2019 पासून 40 लाख झाली; जेवण वाढणं ही मात्र कायद्याने सेवा धरलेली, त्यामुळे हॉटेल, खानावळ, मेस, कँटीन यांची मर्यादा 2017 साली होती तिथेच राहिली. कायद्याच्या व्याख्येत ‘मेस’ हा शब्द नावानिशी आहे, हे वाचून काकूंना थोडा अभिमान वाटला होता.

20 लाखांची ही मर्यादा 2017 च्या दराने शहात्तरावा मेंबर ओलांडून गेला असता. आजच्या दराने तो त्रेपन्नावा आहे. मेसमध्ये एक ताटही वाढलेलं नाही. तेल, गॅस, डाळ आणि पगार वाढले, म्हणून दर वाढला, म्हणून उलाढाल वाढली, आणि त्या वाढीने काकू कायद्याच्या नजरेत मोठ्या उद्योजिका व्हायला आल्या. शिल्लक वाढली असती तर तक्रार नव्हती. खर्च वाढल्यामुळे माणूस श्रीमंत दिसू लागतो, ही उलाढालीवर कर बसवण्याची करामत आहे. महागाई एका हाताने खिसा रिकामा करते आणि दुसऱ्या हाताने करखात्याला पत्ता देते.

आणि त्रेपन्नावा मेंबर आला तर? छोट्यांसाठी कॉम्पोझिशनची सोय आहे. हॉटेल-खानावळीला तिचा दर एकूण उलाढालीवर 5 टक्के. तीन महिन्यांनी एक फॉर्म, वर्षाला एक रिटर्न; सुटसुटीत आहे, नाही असं नाही. पण हा कर गिऱ्हाईकाकडून वेगळा मागता येत नाही, आणि तो वीस लाखांच्या वरच्या रकमेवर नसून पहिल्या रुपयापासून आहे. त्रेपन्न मेंबरांची वर्षाची उलाढाल 20,35,200 रुपये. पुढच्या पूर्ण वर्षाला तिच्यावर 5 टक्के म्हणजे 1,01,760. त्रेपन्नावा मेंबर वर्षाला 38,400 रुपये देतो आणि एक लाखाहून जास्त कर सोबत आणतो. त्याला जेवू घालायचा खर्च वेगळाच.

मेसमधून काकू आणि त्यांचे यजमान यांच्या हाती महिन्याला पंचवीस-तीस हजार उरतात. यात पहाटे पाचला भाजी आणणं आहे, रात्री साडेदहाला कट्टा धुणं आहे, पोळ्या लाटायला येणारी बाई दांडी मारते त्या दिवशी मुलीने कॉलेज बुडवणं आहे. वहीत बाईंचा पगार लिहिलेला असतो, काकूंचा नसतो, मुलीचा तर नसतोच. लिहिला तर मेस तोट्यात निघेल. छोटा धंदा महागाई कशी सोसतो, याचं बरंचसं उत्तर त्या न लिहिलेल्या ओळींत आहे. घरच्या माणसांच्या फुकटच्या श्रमातून सोसतो. कॉम्पोझिशनचे महिन्याचे साडेआठ हजार आले तर ते याच पंचवीस-तीस हजारांतून जातील. नाहीतर नियमित नोंदणी करून प्रत्येकाच्या 3,200 वर 160 रुपये कर लावायचा, आणि पलीकडच्या गल्लीतल्या पंचेचाळीस मेंबरांच्या मेसमध्ये तेच जेवण 160 ने स्वस्त मिळतंय हे बघत बसायचं.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खरा आहे. छोटे धंदेवाले काही सगळे काकू नसतात. बाजारात ‘कच्चं बिल’ आणि ‘पक्कं बिल’ हे शब्द उगाच आलेले नाहीत. टाइल्सच्या दुकानात, फर्निचरच्या दुकानात, लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात ‘कच्च्यात घेतलं तर अठरा टक्के वाचतील’ हे वाक्य ऐकून न विरघळणारा मराठी मध्यमवर्गीय मला अजून भेटायचा आहे. मीही विरघळलेलो आहे, स्वयंपाकघराच्या ओट्याच्या वेळी. कर बुडवण्याच्या या खेळात दुकानदार आणि गिऱ्हाईक भागीदार असतात. त्याचा भुर्दंड प्रामाणिकपणे पक्कं बिल देणाऱ्याला बसतो, कारण त्याचा माल महाग दिसतो. म्हणून ‘लहानांना सोडून द्या’ एवढंच म्हणून भागत नाही. रस्ते, शाळा, ससूनसारखं रुग्णालय हे कराच्याच पैशाने चालतं, आणि काकूंचे यजमान पडले तेव्हा त्यांना ससूनमध्येच नेलं होतं.

पण बुडवणारा पकडायला जे जाळं टाकतात त्यात कोण सापडतं तेही बघा. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या व्यवहारांवरून छोट्या दुकानदारांना हजारोंनी नोटिसा पाठवल्या. त्यांत हावेरीचा एक भाजीवाला होता. चार वर्षांत त्याच्या खात्यावर 1 कोटी 63 लाख जमा झाले म्हणून त्याला 29 लाखांची मागणी आली. ताज्या भाजीवर जीएसटी नाहीच. बंगळूरच्या टपऱ्यांवर ‘यूपीआय नाही, रोख द्या’ असे कागद चिकटले. शेवटी मुख्यमंत्र्यांनी हस्तक्षेप केला आणि करमाफ मालावरच्या जुन्या मागण्या मागे घेऊ म्हणून सांगितलं. कच्च्या बिलातला फर्निचरवाला या जाळ्यात आला नाही, कारण तो मुळात रोखीतच होता. सापडले ते क्यूआर कोड लावून पैसे उघडपणे घेणारे. आमच्या मेसचे पैसे लातूर आणि निफाडहून थेट काकूंच्या खात्यावर येतात, बापाच्या फोनवरून. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच त्या आठवड्यात काकू सर्वांत जास्त घाबरल्या.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे टप्पे कमी झाले. तूप-लोणी 12 चं 5 वर आलं, फरसाण 12 चं 5, बिस्किटं 18 ची 5 वर. चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी एका मेंबराने विचारलं, ‘‘काकू, मेस किती कमी झाली?’’ काकूंच्या वरणावर तुपाची धार असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं. व्यावसायिक टाकी 18 वर होती, 18 वरच राहिली.

कर रद्द करा असं माझं म्हणणं नाही. पण तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत आणि त्यांना क्रांती लागत नाही. सेवांची 20 लाखांची मर्यादा महागाईशी बांधावी. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे वाढू शकतो, तर ही मर्यादा एवढी वर्षं जागची का हलू नये? दुसरं, कडा काढून उतार करावा, म्हणजे वीस लाखांवर पाऊल पडलं की पहिल्या रुपयापासून कर न लागता वरच्या रकमेवरच लागेल. मग त्रेपन्नावा मेंबर परवडेल, आणि धंदा लपवण्यापेक्षा दाखवणं फायद्याचं ठरेल. कच्च्या बिलावरचं यासारखं दुसरं औषध मला सुचत नाही. तिसरं, छोट्या खानावळीच्या टाकीवरचा कर घरच्या टाकीइतका असावा. या तिन्ही गोष्टींनी तिजोरीला झळ बसेल, पण ती झळ कुणाला बसते ते निदान सरकारला कळेल. आज ती फीस्टच्या ताटातून वसूल होते आणि कुणाच्याच हिशेबात येत नाही.

तोवर काकूंनी आपला हिशेब आपल्या पद्धतीने लावला आहे. दारावर ‘मेंबर फुल’ अशी पाटी असते. आत दोन बाकं मोकळी असतात. जूनमध्ये नवी बॅच येते तेव्हा मुलं डोकावतात, मोकळी बाकं बघून चकित होतात आणि जातात. वर्षाच्या शेवटी काकू वही काढून बेरीज करतात, त्यात डब्यांचे आणि सुट्या थाळ्यांचेही पैसे येतात. गेल्या मार्चात ती बेरीज नको तितकी वर निघाली. 25 तारखेपासून मेस बंद राहिली. दारावर ‘रंगकामासाठी बंद’ असं लिहिलं होतं. रंग दिला नव्हता. त्या महिन्याचे पैसे काकूंनी 24 दिवसांचेच घेतले, म्हणजे पन्नासही मेंबरांना न मागता सात दिवसांचा खाडा दिला. पोरांनी ते सात दिवस वडापाववर काढले.